सरांच्या मशीनमधलं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ. शहादा.

सरांचा जुना युनिक्सवाला कॉम्प्युटर शेवटी सलीमने चालू केला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या सलीमने! मी पंधरा दिवस झटलो. रोज फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करायची, की दुसऱ्या दिवशी फायली परत खराब. डिस्कच गेली, असं सरांना छातीठोक सांगून मोकळा झालो होतो. आज त्याने माझ्यासमोर डिस्कची केबल काढली, तर पिनांवर लाल थर. कुंकू! पुसलं, केबल परत लावली, झालं. यात कसली आली अक्कल?

"तुन्हा हातमा जादू शे रे," सर त्याला म्हणाले. मी त्यांचा लाडका विद्यार्थी. मला कधी म्हणाले असं?

आणि ते कुंकू. दर दसऱ्याला सर त्या मशीनची पूजा माझ्याच हातून करून घ्यायचे. वरच्या जाळीवर ते मीच वाहायचो, सढळ हाताने.

सर चहा घेऊन आत आले तेव्हा त्यांनी विचारलंच, "काय व्हतं रे आतमा?"

सलीमने माझ्याकडे एकदा पाहिलं. हातातलं लाल फडकं खिशात कोंबलं. "धूळ व्हती, सर."

वाचवलं मला. हेही त्यालाच जमावं!