किडनी कधी छापून येईल

४ ऑगस्ट

शेवटी नाव टाकलं. वैद्यकीय बायोप्रिंटिंग, आठ आठवडे, मोबाईलवर, फुकट. लिंक धर्मपालनंच पाठवली. परवा मी नागपूरच्या ऑपरेशनचा विषय पुन्हा काढला तर म्हणाला, "तुही किडनी मी घेत नाही, ताई. आता मशीनवर छापून राह्यले म्हणतात. तू लॅबवाली, तूच शिकून सांग किती दिवस लागतात ते."

माय लगेच लेकाच्या बाजूनं. "बरोबर म्हणते तो. एका किडनीची पोरगी कोण करंल?"

मायला शुगर, तिची चालत नाही. बाबा नाहीत. रक्तगट जुळणारी राहिले मी.

९ ऑगस्ट

सगळं इंग्रजीत. सात मिनिटांचा व्हिडिओ मला तासभर पुरतो. लॅब उघडायच्या आधी, रक्ताच्या बाटल्या मांडतो त्या टेबलावर मोबाईल उभा करून पाहते.

जिवंत पेशी एका लगद्यात मिसळायच्या. त्याला बायोइंक म्हणतात. मग मशीनच्या सुईतून थरावर थर सोडायचे. मी रोज काचेवर पेशी पाहते, मोजते, पुसून टाकते. त्या रचताही येतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. दिवसभर हात शिवशिवत होते. एका बाईला दोनदा टोचावं लागलं.

१२ ऑगस्ट

डायलिसिस. उमरखेडहून पुसदची बस पाऊण तास उशिरा. धर्मपाल चार तास मशीनला, मी बाहेरच्या बाकावर तिसरा धडा पाहत.

येताना त्याला सांगितलं. दुकानात विहिरीवरच्या जळक्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळण्यात याची आठ वर्षं गेली, त्याला लगेच कळतं. "म्हणजे वाइंडिंगच झालं. एक थर चुकला का पुरी मोटार जळते." मग — "किडनीवर कधी येते तुही शिकवणारी बाई?"

दर फेरीला हेच विचारतो.

२६ ऑगस्ट

कातडी, कानाची कूर्चा — पातळ गोष्टी जमायला लागल्यात. किडनी अडते ती रक्तवाहिन्यांपाशी. रक्तापासून दोन-तीन केसांच्या जाडीपेक्षा लांब पडली की पेशी मरते. किडनीएवढा गोळा छापला तर आतून मरत जातो. व्हिडिओ थांबवला. पुन्हा लावला. पुन्हा तिथंच थांबवला.

२७ ऑगस्ट

त्याला सांगितलं नाही. "चांगलं चाललंय" म्हटलं.

१४ सप्टेंबर

आज कोर्सच्या बाईंचा थेट वर्ग होता. प्रश्न लिहून पाठवायचे. चारदा लिहिला, चारदा खोडला. शेवटी एवढंच — भावासाठी विचारते, पूर्ण किडनी किती वर्षांत?

बाईंनी वाचला. म्हणाल्या, तारीख दिली तर ते खोटं बोलणं होईल. दहा वर्षं म्हटलं तरी मी खात्री देणार नाही. घरात देणारं कोणी असेल तर याच्यासाठी थांबू नका.

मोबाईल पालथा ठेवला. घरात बसवेना. बसस्टँडपर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले. मायला वाटलं काही हरवलं.

१९ सप्टेंबर

धर्मपालचे पाय सुजलेत, चपला घालता येत नाहीत. दुकान दोन दिवस बंद. "आला का किडनीचा धडा?" म्हटलं, पुढच्या आठवड्यात. खोटं बोलताना माझा आवाज किती सरळ निघतो!

२९ सप्टेंबर

सर्टिफिकेट आलं. माय पेढे घेऊन शेजारी बसंतीबाईंकडे. "आमच्या संगीतीनं किडनी बनवाचं शिकलं." संध्याकाळी बसंतीबाई दारात. त्यांच्या जावयाची किडनी खराब आहे. दिवाळीनंतर घेऊन येऊ का?

चहाच्या निमित्तानं आत गेले ती बाहेर आलेच नाही.

३० सप्टेंबर

सांगून टाकलं. पुसदहून येताना, बसमध्ये. रक्तवाहिन्यांचं, बाईंच्या उत्तराचं, सगळं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"माहीत होतं मले."

"कसं?"

"लिंक माह्याजवळ बी होती ना. तुह्या आधीच पुढचे धडे पाहून घेतले. इंग्रजी नाही समजलं, पण चित्रं समजतात."

"मंग दर खेपेला काहून विचारत होता?"

"तू शिकत होती तोवर नागपूरच्या ऑपरेशनचं नाव घेत नव्हती."

मी उठून पुढच्या सीटवर जाऊन बसले. उमरखेड येईपर्यंत मागं पाहिलं नाही.

१ ऑक्टोबर

राग त्याच्यावर नाही. लिहूनच ठेवते. तो मला अडवत होता आणि मला अडवून घ्यायला बरं वाटत होतं. ऑपरेशनची भीती मला पहिल्या दिवसापासून आहे. बाई दोन वर्षं म्हणाल्या असत्या तर मी आनंदानं थांबले असते. सगळ्यांना वाटलं मी भावासाठी शिकतेय. निम्मं तर माझ्यासाठीच होतं.

दुपारी दुकानात जाऊन त्याला हेच सांगितलं. त्यानं हातातली तांब्याची तार खाली ठेवली.

"भेते तू?"

"हो."

"मी बी. तुले काही झालं तर मायले काय सांगू?"

"अन् तुले झालं तर मी काय सांगू?"

त्यानं तार उचलली, वेढे मोजायला लागला, चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजले. मी तिथंच स्टुलावर बसून राहिले. आठ आठवड्यांत आम्ही दोघं इतकं खरं बोललो नव्हतो.

८ ऑक्टोबर

नागपूर. डॉक्टरांनी मला एकटीला आत घेतलं. कोणाचा दबाव? नाही. भीती वाटते? वाटते. बाहेर आले तर ऑपरेशनच्या संमतीचा कागद धर्मपालच्या मांडीवर होता. घेणाऱ्याच्या जागी त्याची सही झालेली. त्यानं पेन माझ्यापुढं धरलं.