न वाफवलेली मटकी

अब्बा,

अम्मीच्या मृत्यूचा दाखला आणायला सकाळच्या एसटीनं धाराशिवला चाललेय. तुम्ही आज दुकान उघडणार म्हणालात, म्हणून डबा भरलाय. दुखवट्याचे तीन दिवस घरात गॅस पेटवायचा न्हाय, त्यामुळं सॅलडच केलंय. मोडाची मटकी, काकडी, कांदा आणि बरणीतले भाजलेले शेंगदाणे. लिंबू वेगळं ठेवलंय, खाताना पिळा. खालच्या कप्प्यात शेजारच्या खालानं दिलेली भाकरी आहे.

तुमच्या दातांमुळं अम्मी मटकी वाफवून द्यायची, ठाऊक आहे मला. आज कच्चीच हळूहळू चावा.

मोड लई लांब आलेत, पण वास न्हाय. बुधवारी तिनंच भिजवून फडक्यात बांधली होती. आवडली न्हाय तरी टाकू नका.

माझ्या डब्यातपण तीच आहे.

शाहीन