दोन पानांची धून

प्रिय अर्काशा,

ईस्टरच्या आदल्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली, देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि कुलिचचं पीठ मळायला घेतलं. सणाचा हा गोड पाव आमच्याकडे ग्लाफीराच करायची. बहिणीच्या माघारी माझा हा पहिलाच सण. माझ्या हातचं पीठही फुगलं, याचं मला नवल वाटलं.

तुझं पत्र ईस्टरआधीचा लांब उपवास सुरू होण्याआधीच आलं होतं, नेमकं क्षमेच्या रविवारी. त्या दिवशी आपल्या गावात सगळे एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात, हे तू पीटर्सबर्गला राहूनही विसरला नाहीस. 'मला क्षमा कर, निकांद्र,' एवढं लिहून पुढच्याच ओळीत तू ती धून मागितलीस. तुझ्या सगळ्या रचना एकत्र छापताहेत, पण एकोणिसाव्या वर्षी लिहिलेली ती पहिली चिमुकली रचना तुला अर्धीही आठवत नाही आणि नक्कल कुणाकडे नाही.

खरंच नाही. तुझ्या वडिलांच्या दवाखान्यामागच्या खोलीतल्या पियानोवर तू ती रचलीस आणि दोन पानांवर उतरवून ग्लाफीराला दिलीस. म्हणालास, "ही बसवून ठेव. पक्की होईल तोवर तुला न्यायला येतो." उन्हाळा संपायच्या आत तिने ती बसवली. पुढे डॉक्टरसाहेबांची बदली झाली, पियानोही गेला. मग ती आमच्या जेवणाच्या टेबलावर वाजवायची, पिठाच्या बोटांनी, बिनआवाजाची. शेजारची फेवरोन्या काकू चिडवायची, "अगं, त्या टेबलाशीच लग्न लाव. एवढी वर्षं तेच तुझ्यासाठी थांबलंय." ग्लाफीरा हसायची. आधी मनापासून, नंतर नुसतं तोंडाने.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तिने अंथरूण धरलं, तेव्हा मी तुला कळवलं की एकदा येऊन जा, तिला ती धून ऐकायची आहे. तू उत्तर दिलंस: त्या पोरवयातल्या खरडण्यासाठी एवढ्या बर्फातून कोण येणार? मी तिला सांगितलं, तू निघाला आहेस. ती दाराकडे तोंड करून गेली.

उपवासभर मी प्रार्थना केली. पाद्रीबाबा म्हणाले, क्षमेला ठरलेलं उत्तर असतं, तेवढं देऊन मोकळा हो: देव क्षमा करील, आणि मीही करतो. पहिला अर्धा भाग मी म्हणू शकतो. दुसरा जिभेवर येत नाही.

कुलिचच्या साच्याला आतून लोणी लावलेला कागद लागतो, हे तुला ठाऊक आहे. त्या सकाळी मी ग्लाफीराच्या पेटीतून तुझी दोन पानं काढली. फेवरोन्या काकू दारातच उभी होती. "एवढा चांगला कागद भट्टीत घालतोस?" मी म्हटलं, ज्याचा त्याला पोचवतोय. दोन साचे, दोन पानं. पाद्रीबाबांनी दोन्हींवर तीर्थ शिंपडलं. एक कुलिच मी तिच्या थडग्यावर ठेवून आलो, कागदासकट. कावळ्यांनी उशीर केला नाही. दुसरा या पत्रासोबत खोक्यात आहे. कागद हलक्या हाताने सोल, लोण्यातूनही शाई दिसते. ती तुझी सुरुवात. शेवट ग्लाफीराकडे पोचला.

देव तुला क्षमा करील.

तुझाच,
निकांद्र