एक फाईल वगळली

वाळूज, औरंगाबाद
रविवार, १९ सप्टेंबर १९९९

तीर्थरूप आवडाक्कास,

धाकट्या सांडूचा वाकून नमस्कार. हे पत्र चुलीत घालायचं असलं तर जरूर घाल, पण निदान शेवटच्या पानापर्यंत वाचून मग घाल, एवढी पायाशी विनंती. (पहिल्या पानावर कधीच काही नसतं, हे मला यंदा फार महागात कळलं आहे. ते पुढं येईलच.) कारभारी दाजींना साष्टांग नमस्कार. त्यांचा दमा कसा आहे? मका यंदा बरा आहे असं सिल्लोडहून आलेला एक ट्रकवाला चहाच्या टपरीवर सांगत होता. दाजींचा मका त्यात आला का, ते त्याला विचारायचं राहिलं. इकडं आम्ही ठीक. द्वारका ठीक, तिची कंबर ठीक नाही. पोरं शाळेत जातात म्हणून सांगतात. मी बरा आहे. जेवण मात्र आठ दिवसांपासून जात नाही.

तू विचारशील, कॅसेट कुठं आहे? विचारच. तुझा हक्क आहे. दहा महिन्यांपासून तू विचारते आहेस आणि मी कारणं देतो आहे. संक्रांतीला टेपरेकॉर्डरचा पट्टा तुटला होता. होळीला कोरी कॅसेट मिळत नव्हती (एवढ्या मोठ्या औरंगाबादेत कोरी कॅसेट मिळत नाही, हे तू ऐकून घेतलंस, हा तुझा मोठेपणा). उन्हाळ्यात लाईट नव्हती. आईच्या दहाव्याला कायगावला गोदावरीच्या काठावर तू सगळ्यांपासून लांब, चपला हातात घेऊन उभी होतीस. तेव्हा मी तुला म्हणालो, आक्का, आईचं बोलणं माझ्या हापिसातल्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलेलं आहे आणि त्यात तुझं नाव आहे. आई म्हणाली, माझी आवडा लई गुणाची, तिच्यावर माझा राग नाही. तू माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "मला माझ्या कानानं ऐकू दे. मग येते तुझ्या घरी." तेवढंच बोलून तू एस.टी.त बसलीस. तुझ्या पोरीच्या लग्नात आईला पहिल्या पंगतीला बसवायचं राहिलं, आई न जेवता उठून आली, आणि त्यावर तुम्ही दोघी मायलेकी चार वर्षं बोलला नाहीत. दोघींतलं कोण जास्त हट्टी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आता एकीला विचारताही येत नाही.

ते बोलणं कसं भरलं, ते तुला नीट सांगितलंच नव्हतं. सत्त्याण्णव सालच्या खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होती. त्या दिवशी घरच्या माणसांना आत येऊ देतात. आई हळद-कुंकू, झेंडूची माळ आणि स्वतःच्या घरचा नारळ (कंपनीच्या नारळावर तिचा भरवसा नव्हता) घेऊन आली. लेथ मशिनला कुंकू लावलं, प्रेसला लावलं, आणि मग माझ्या खोलीत येऊन कॉम्प्युटरकडं बघून म्हणाली, हा काहीच आवाज करीत नाही, हा काम करतो कशावरून? माझ्याबरोबर काम करणारा फारूख भारी उत्साही. त्यानं नवा माईक जोडला आणि म्हणाला, अम्मा, बोला, हा ऐकतो. आई आधी नको नको म्हणाली आणि मग अकरा मिनिटं थांबली नाही. वाळूजच्या पाण्यात डाळ शिजत नाही इथपासून सुरुवात. मग शिफ्टच्या बसमधले लोक म्हाताऱ्या माणसाला जागा देत नाहीत, मग द्वारकेच्या भाकरीला पापुद्रा का येत नाही, मग मी किती वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करीत होतो (हे सगळं फारूखच्या देखत). साहेबानं बघू नये म्हणून मी त्या फाईलला 'आयएसओ तीन' असं नाव दिलं. आयएसओ नावाची फाईल आमच्या कंपनीत कुणीही आपण होऊन उघडत नाही.

आता माझं काम तुला थोडं समजून घ्यावं लागेल. कंटाळू नकोस. कॉम्प्युटरात जे काही आहे त्याची नक्कल रोज संध्याकाळी एका लहानशा टेपवर काढायची, म्हणजे उद्या कॉम्प्युटर मेला तरी कंपनी मरत नाही. सोमवार ते शनिवार सहा टेपा. पुढच्या सोमवारी सोमवारच्याच टेपवर नवं चढतं, जुनं पुसलं जातं. शिवाय दर दिवाळीला एक टेप काढून तिजोरीत ठेवायची. टेप भरली की ती परत वाचून मूळ मालाशी ताडून बघायची असते, पण त्याला आणखी दीड तास लागतो आणि कंपनीची बस सहाला सुटते. म्हणून आम्ही ताडायचो नाही. टेप फिरली, दिवा हिरवा झाला, चला घरी. अठ्ठ्याण्णवच्या शिमग्याला साहेबाला एक जुनं ड्रॉइंग लागलं आणि त्या दिवसाची टेप काही केल्या वाचेना. साहेब मला जे बोलला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, तू वडील आहेस. तेव्हापासून मी रोज ताडून बघायला लागलो. सहाची बस सोडायची, आठची धरायची. एकही दिवस चुकवला नाही. देवाशप्पथ.

मग कार्तिकात आई गेली. आणि मला संध्याकाळचे ते दोन-अडीच तास रिकामे. खोलीत मी एकटा आणि फिरणारी टेप. टेप चालू केली की मी लगेच 'आयएसओ तीन' उघडायचो आणि आईला लावायचो. अकरा मिनिटं संपली की पुन्हा लावायचो. लोक संध्याकाळी देवळात जातात, मी तिथंच बसायचो. तिचा खोकला कुठं येतो, बांगडी टेबलाला कुठं लागते, सगळं मला पाठ झालं. कधी रडलो, कधी तिच्याशी वाद घातला (पापुद्र्याच्या बाबतीत ती चुकीची होती). नऊ महिने आक्का, रविवार सोडून रोज.

काम संपलं की कॉम्प्युटर एक कागद छापून देतो. त्यावर लिहिलेलं असायचं: फाईली ४,२१६ घेतल्या, ताडल्या, बरोबर. वगळली १. ही एक वगळलेली कोणती, ते तिसऱ्या पानावर छापून येतं. पण कागद वाचवा म्हणून साहेबाची सक्त ताकीद, त्यामुळं मी पहिलंच पान छापायचो आणि रजिस्टरला चिकटवायचो. फारूखनं एकदा विचारलं होतं, ही रोजची एक कोणती रे? मी ऐटीत सांगितलं, असते एखादी कॉम्प्युटरची स्वतःची, तिच्याशी आपल्याला काय करायचंय? आणि कॉम्प्युटरचा नियम असा की जी फाईल कुणी उघडून बसलेलं आहे, ती टेपवर जात नाही. तिला तो सोडून पुढं जातो. आणि ताडून बघताना टेपवर जे आहे तेवढंच ताडतो. जे टेपवर गेलंच नाही त्याचं तो काही बोलत नाही.

तुला कळलंच असेल आता. मला कळायला ऑगस्ट उजाडावा लागला. दोन तारखेला सकाळी कॉम्प्युटरमधून खर्र खर्र आवाज आला आणि सगळा माल जिच्यावर असतो ती आतली तबकडी गेली. नवी बसवली, शनिवारची टेप लावली, आणि साहेब, फारूख, सगळे श्वास धरून उभे. चार तासांत सगळं परत आलं. ऑर्डरी आल्या, ड्रॉइंगं आली, आयएसओ एक आलं, दोन आलं, चार आलं. साहेबानं मला मिठी मारली. स्वातंत्र्यदिनाला झेंड्याखाली माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, 'एकही फाईल न गमावणारा कर्मचारी' म्हणून. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हातातल्या नारळाकडं बघत होतो. फारूख पुढच्या रांगेत खाली मान घालून बसला होता. त्याला ठाऊक होतं. सहाही टेपा आम्ही तोवर दोनदा धुंडाळल्या होत्या, सहाही टेपांवर तीच एक फाईल नव्हती.

राहिली तिजोरीतली सत्त्याण्णवच्या दिवाळीची टेप (अठ्ठ्याण्णवची साहेबानं टेपा महाग झाल्या म्हणून काढूच दिली नव्हती). आई जिवंत असतानाची, म्हणजे तेव्हा मी फाईल उघडून बसत नव्हतो, म्हणजे त्या टेपवर ती असणारच. मागच्या रविवारी साहेबाची परवानगी काढून दोघं गेलो. फारूखनं साफ करायची कॅसेट तीनदा फिरवली, बिस्मिल्ला म्हणून टेप घातली. यादी आली. यादीत 'आयएसओ तीन' दिसलं. आक्का, मी खुर्चीवरून उठलो. मग यंत्रानं विचारलं, वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का? कर म्हटलं. पुन्हा विचारलं. कर. चाळीस वेळा तरी कर म्हटलं. शेवटी आतून पट्टी चुरगळल्याचा आवाज आला, आणि फारूखनं माझा हात धरून बाजूला केला. बस चुकू नये म्हणून ताडून न पाहिलेल्या टेपांपैकी ती होती. आईचं बोलणं गेलं. दुसऱ्यांदा गेली ती माझ्या हातून. मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही.

घरात सर्व थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. चूकभूल पदरात घे.

तुझा नालायक भाऊ,
सांडू

ता. क. कार्तिक वद्य पंचमीला आईचं वर्षश्राद्ध आहे. पत्र मुळात त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. सकाळच्या सिल्लोड गाडीनं ये, मी बसस्थानकावर उभा राहीन. पहिल्या पंगतीला तुला बसवीन. नाही आलीस तरी मी उभा राहीनच.

ता. क. दुसरा. आमच्या शेजारच्या सरूबाई तुला ओळखतात आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून मीच सांगतो. परवा मी त्यांना हापिसात नेलं होतं. त्यांचा आवाज आईसारखा घोगरा आहे. म्हटलं, 'माझी आवडा लई गुणाची' एवढंच म्हणा, मी कॅसेट करून पाठवतो, आक्का घरी येईल. सरूबाई तयार झाल्या. फारूखनं माईक काढून खिशात घातला आणि म्हणाला, "अम्मा के नाम पे झूट नको रे सांडू." मग मलाच लाज वाटली. आणि तुला आणखी एक सांगायचं आहे. 'लई गुणाची' हे शब्द त्या अकरा मिनिटांत कधीच नव्हते. ते मी कायगावला तुझ्या हातातल्या चपला बघून तिथल्या तिथं बनवले. कॅसेटला दहा महिने उशीर त्यामुळंच झाला. पट्टा तुटलेला नव्हता.

ता. क. तिसरा. तुझं नाव मात्र होतं, शेवटी शेवटी. मला पाठ आहे म्हणून जसंच्या तसं लिहितो. "आवडीला सांग, ती लोणच्याची बरणी माझ्याच हातनं फुटली व्हती. सासूच्या भ्यानं म्या पोरीचं नाव घेतलं. पोरीनं मार खाल्ला, पन तोंड उघडलं नाय." ही कुठली बरणी, मला काही ठाऊक नाही. आजी गेली तेव्हा मी झोळीत होतो, म्हणजे त्याच्याही आधीचं असणार. आई असताना वर्षभर मी तुला हे ऐकवलं नाही, कारण वाटलं की आधीच पंगतीचं भांडण, त्यात बरणीचं नवं निघायचं. आणि दहाव्याला वाटलं, असल्या दिवशी म्हातारीचं हे जुनंपानं काय सांगायचं? तेवढं बोलून आई गप्प झाली होती. फारूखनं बंद करायला हात पुढं केला तर तिनं तो धरला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "येवढं तिला ऐकव."