शेळीला गोवर का होत नाही

माझ्या लाडक्या कुसुम,

पत्राच्या वर आधी 'चि.' लिहिलं आणि खोडलं. आठ वर्षं झाली तुला जाऊन, तरी हाताची सवय जात नाही बघ.

आज लिहायला बसलो, कारण तुझ्या दादाच्या बेबीला गोवर आलाय. तुझ्या आईने घरात फोडणी बंद केलीय, आंबट बंद केलंय, दाराला कडुनिंब खोचलाय. पुन्हा तेच!

स्वातंत्र्य मिळालं त्या साली तू अशीच फणफणली होतीस. खिडकीबाहेर आपली चंद्री शेळी मजेत पाला ओरबाडत होती. "बाबा, तिला कसा हो गोवर होत नाही?" तू विचारलंस. मी आपलं काहीतरी ठोकून दिलं, "मुक्या जनावरावर देवी रागावत नाही." मग तू लिंबाचं सरबत मागितलंस. दोनदा मागितलंस. "घरात देवीबाई आल्यात, आंबट चालत नाही," हे मीच म्हटलं. आईवर काय ढकलू?

परवा वाचनालयात एक इंग्रजी मासिक हाती लागलं. शेळी, गाय, कुत्रा क जीवनसत्त्व म्हणे आपल्या अंगातच तयार करतात. माणसाला ते लिंबू-आवळ्यातून घ्यावं लागतं. म्हणूनच जनावरं रोगांना दाद देत नसावीत, असा लेखकाचा तर्क. डोकं भणाणलं! म्हणजे मीच तुला...?

तसाच ठाण्याला डॉक्टरांकडे गेलो.

"बाबूराव, हा गोवर माणसांचा, शेळीचा नव्हेच. आणि अंगात एवढं जीवनसत्त्व असून बुळकांडीच्या साथीत गुरं पटापट का मरतात, ते त्या लेखकाला विचारा."

"मग लिंबाने माझी पोर वाचली असती का?"

"तसं कुणीच सांगू शकत नाही."

"आणि दिलं असतं तर अपाय?"

"काडीचा नाही."

काय करू गं या उत्तराचं? ना धड दोषी, ना धड सुटका! चौथीत शाळा सुटलेला मी, शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी शिकलो, ते हे ऐकायला?

घरी सांगितलं तर आई कडाडली, "तुमचे डॉक्टर येणारेत का बाईंचा कोप निस्तरायला?"

"अगं, आपली कुसुम मागत मागत गेली."

"मला नाही का ते आठवत?" म्हणाली आणि आत निघून गेली.

बेबीचे ओठ सुकलेत. तिने अजून काही मागितलेलं नाही. तुझ्याइतकी धीट नाही ती. लिंबाने गोवर हटेल असं मी म्हणत नाही. पण वचन देतो, तिच्या मागण्याची वाट बघणार नाही. पत्र इथेच थांबवतो आणि लिंबू चिरायला उठतो. तुझी आई ओरडली तर ओरडू दे.

तुझं न ऐकलेला,
बाबा