बर्फाच्या कारखान्यातले ठोके

आचरा

प्रिय सुदेश,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहिलाय, त्याचा फार अर्थ काढू नकोस.

तुमच्या बँडचं अख्खं रेकॉर्डिंग माझ्याकडे मिक्सिंगला आलंय, हे तुला कोणी सांगितलं की नाही देव जाणे. नऊ गाणी. वाजवली पुण्याच्या भारी स्टुडिओत, आणि निस्तरायला आचऱ्याला. आठ वर्षांपूर्वी चारचौघांत तू जिला ‘बांगड्यांची खोली’ म्हणालास आणि ढोलाच्या काठ्या पिशवीत टाकून गेलास, त्याच खोलीत. मंगेशमामाचा बर्फाचा कारखाना बंद पडला तेव्हा बर्फ ठेवायची ती जाड भिंतींची खोली आपण दोघांनी स्टुडिओ करायला घासून काढली होती. तिच्यातून आवाज बाहेर जात नाही हे पहिल्यांदा तुझ्याच डोक्यात आलं होतं, विसरला असशील. मासळीचा वास अजून गेलेला नाही. पण आता बेळगाव, कोल्हापूर, गोव्याचे हेवी मेटल बँडवाले त्या वासात येऊन आपली पाळी कधी म्हणून विचारतात.

आणि काय एकेक नग येतात! गेल्या महिन्यात एक गायक आला. छातीवर कवटी, दंडावर कवटी, गाण्यात मढी आणि स्मशान. दोन तास नुसता गुरगुरला. जेवायला बसला तर पेडव्याचा काटा घशात अडकला, तसा आईला फोन लावून रडायला लागला. आनंदीने, माझ्या बायकोने, सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावला तेव्हा काटा उतरला. मग म्हणतो, आवाज गेला, आज रेकॉर्डिंग नको. मी म्हटलं, होता कधी?

तुमचा ओमकार त्याच जातकुळीतला. एकावर एक चार गिटारी चढवल्यात, चारही एकाच जागी चुकलेल्या. वर मेल लिहितो, मिक्समध्ये अजून काळोख पाहिजे. अरे, काळोख पाहिजे तर आचऱ्याला ये, इथे लाईट रोज जाते. मेलच्या शेवटी एक ओळ होती: ‘ड्रम्स सगळे बदलून टाका, सुदेशचं हल्ली लक्ष नसतं.’ म्हणजे तुझा एकेक ठोका काढायचा आणि त्याच्या जागी कंपनीचा तयार, चकचकीत ठोका कॉम्प्युटरने बसवायचा. हल्ली सगळे हेच करतात. मला त्याची किळस आहे हे तुला माहीत आहे. पण खोटं कशाला बोलू, ती ओळ वाचून मला गार वाटलं. म्हटलं, बरी जिरली!

तुझ्या घरची सगळी ठीक. गंगूकाकी अजून टोपली घेऊन बाजारात बसते, गिऱ्हाइकाने भाव केला की त्याच्या सात पिढ्या काढते. तुकारामकाका, तुझे बाबा, घरासमोरच्या खळ्यात खुर्चीवर असतात. कंपवात आता दोन्ही हातांना आहे, काकीच भरवते. त्यांना तुमचं एक गाणं ऐकवलं. म्हणाले, ह्यो माझो झील वाजवता? आणि पुढचा अर्धा तास कोणी येईल त्याला मुलगा वाजवतोय हेच सांगत होते. तू किती दिवसांत घरी आला नाहीस ते मी लिहीत नाही, तुला मोजता येतं.

तर तुझे ट्रॅक सुटे करून ऐकायला बसलो. हसायलाच बसलो होतो. पहिली तीन गाणी जेमतेम. चौथ्यात मोठ्या ड्रमवर दोन्ही पायांची किक सुरू झाली आणि डावा पाय मागे पडायला लागला. पडद्यावर उजव्याची रेघ जाड, डाव्याची बारीक, मग नाहीच. मी एकटाच मोठ्याने ओरडलो, शिरा पडो तुझ्या तोंडार, ह्याच्यासाठी गेल्लस पुण्याक? आळशी मेल्या! दोन गाणी अशीच शिव्या घालत ऐकली. मग काहीतरी खटकलं. आळशी माणूस दोन्ही हातांनी आळशी असतो. तुझा उजवा हात, उजवा पाय पूर्वीसारखेच धडधडत होते. परत सगळी ऐकली, नऊच्या नऊ गाण्यांत चूक फक्त डावीकडे होती.

खोलीचा आवाज घ्यायला कोपऱ्यात एक माईक ठेवतात ना, त्याची फाईल तुमच्यातलं कोणी उघडून बघत नाही. उघडली असती तर मला पाठवली नसती. सगळे चहाला गेले आणि माईक चालूच राहिला. तू एकटा डाव्या हाताने सावकाश वाजवतोयस. एक, दोन, तीन, आणि काठी खाली पडते. परत उचलतोस, परत पडते. मग तुझा आवाज येतो, किती वर्षांनी मालवणीत: ‘चल रे, पाया पडतंय तुझ्या, आज नको.’ स्वतःच्या हाताला सांगत होतास. मी हेडफोन काढून ठेवले आणि त्या दिवशी पुढे काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा पुसून टाकला.

ड्रम्स मात्र बदलले. कंपनीचे ठोके नाही घातले. खोली नवी होती तेव्हा आपण अख्खा मे महिना तुझे ठोके घेतले होते, आठवतं? एकेक सुटा, हळू, जोरात, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. ते सगळे माझ्या जुन्या हार्डडिस्कवर होते. आता नऊही गाण्यांत तूच वाजवतोयस, चोविसाव्या वर्षीच्या डाव्या हाताने. दार उघडं राहिलं होतं त्या दोन ठोक्यांमागे कावळा ओरडतोय, तो राहू दिला. ओमकारचा लगेच मेल आला, ‘तयार आवाजाची मजाच वेगळी.’ गाढव!

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. काकांचाही आधी डावाच हात थांबला होता. जाळं विणताना हातातली सुई गळून पडायची, आणि तू सगळ्यांदेखत म्हणाला होतास, ‘बाबा नाटकां करतत, कामाक जावक नको म्हणान.’ त्यानंतर दोन वर्षं त्यांनी तो हात पंच्याखाली लपवला. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. मी डॉक्टर नाही, माझं चुकलं तर तोंडावर येऊन थुंक. पण पुढच्या महिन्यात तुमचा दौरा आहे. रेकॉर्डिंगमध्ये मी तुझ्यासाठी खोटं बोललो, स्टेजवर मला ते जमणार नाही. त्याआधी डॉक्टरकडे जा. एकट्याने जायचा धीर नसेल तर सांग, सकाळच्या एसटीने निघतो. बँडचा मेल चौघे वाचतात आणि माझा फोन तू आठ वर्षं उचलत नाहीस, म्हणून हा कागद. इथे कोणाला बोललेलो नाही, काकांना तर नाहीच. तू गप्प का आहेस ते मला कळतं. काकांना जे म्हणालास तेच कोणीतरी तुला म्हणेल, ही तुला भीती आहे. तुझे ट्रॅक ऐकले त्या पहिल्या दिवशी मीही तुला आळशी म्हणालोच होतो. ते परत घेतो. फोन उचल, मेल्या.

तुझाच, बांगड्यांच्या खोलीतला,
गुरुप्रसाद