घाट उतरायचे बोल्ट

डोंबिवली, २ जानेवारी १९५५, रविवार

ठरलं! नाशिकला गाडीनेच जायचं. प्रमोदिनी म्हणाली, "भाऊ, मावशीकडेच तर जायचंय, रेल्वे आहे की!" मी ऐकतोय थोडाच! माझा मुलगा सुधीर गेल्यापासून त्याची गाडी नुसती उभी आहे. घरात आम्ही दोघंच, सासरा नि सून. दोघांनाही जरा वारा लागेल.

अडचण एकच. ब्रेक! जुने, तारेचे. दाबले की गाडी आधी विचार करते, मग थांबते. असल्या ब्रेकवर कसारा घाट उतरणं म्हणजे थेट कैलास. तेलाचे बसवायचे.

६ जानेवारी

कल्याणच्या परशुराम मिस्त्रीने मोडीतल्या एका गाडीचे तेलाचे ब्रेक पैदा केले. प्रत्येक चाकामागे एक लोखंडी प्लेट, तिच्यावर सगळा ब्रेक. प्लेट धरून ठेवणार चार बोल्ट! आमचे जुने बोल्ट आखूड पडतात. नवी प्लेट जाड आहे.

९ जानेवारी, रविवार

परशुरामने बाजारातून बोल्ट आणले. काय चकाकत होते! पाना लावला. फिरतोय, फिरतोय, पण आवळत काही नाही. मग टक्! बोल्टाचं डोकं हातात.

"मऊ निघाला, भाऊ," परशुराम हसत म्हणाला.

मला हसू येईना. हेच घाटात झालं असतं तर?

१२ जानेवारी

शाळेत शिकवणं संपवून प्रमोदिनी परस्पर कल्याण कॅम्पात आली. लष्करी भंगारात दोघांनी हात काळे केले. रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर नकाशे काढले, त्याचा आज उपयोग! पक्क्या पोलादाचे हवेत. बोल्टाचा गुळगुळीत भाग भोकात भरून बसला पाहिजे, आटे फक्त नटापुरते. हे तिला एकदाच सांगितलं. मग तीच एकेक उजेडाला धरून "हा नको, हा चालेल" करत बसली. किती दिवसांनी गुणगुणत होती!

१३ जानेवारी

घोटाळा! नट दोन फेरे गेला नि अडकला. बोल्ट अमेरिकन, नट विलायती. आटे जुळतील कसे?

परशुराम म्हणतो, "लांब पाना लावा, जातोय कुठं!"

प्रमोदिनीने पाना काढूनच घेतला. "नको हो, आटे मरतील!"

"भाऊ, ताई मिस्त्री झाल्या!"

१५ जानेवारी

जोडीचे नट मिळाले. अख्खा दिवस गेला. जेवण थंड.

१६ जानेवारी, रविवार

बसले! बोटांनीच सरसर गेले, शेवटी फक्त पाना. नटाच्या खाचेतून पिन आरपार घातली, टोकं दुमडली. आता गाडी कितीही हादरो, नट सुटायचा नाही. प्रमोदिनीने पायाने ब्रेक दाबत राहायचं, मी खालून नळीतली हवा काढायची. वरून सारखी विचारत होती, "झालं का? झालं का?"

शीळ रस्त्याच्या उतारावर चाचणी. परशुराम मागच्या सीटवर. दाबला! गाडी जागच्या जागी, परशुरामची टोपी माझ्या मांडीत!

नाशिक, २२ जानेवारी

सुखरूप पोचलो. घाट चढताना गाडी जरा तापली, बाकी मजेत. संध्याकाळी मावशींकडे आनंदराव म्हणून एक गृहस्थ चहाला आले. प्रमोदिनीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, आता इथे असतात. माणूस बरा! पांढऱ्या लेंग्यानिशी गाडीखाली शिरून बोल्ट पाहिले. मी तासभर बोललो, त्यांनी तासभर ऐकलं.

डोंबिवली, २३ जानेवारी, रविवार

परत आलो. लिहायला नको वाटतंय, तरी लिहितो.

घाटमाथ्यावर गाडी थांबवली, पाणी प्यायलो. तिथे प्रमोदिनी एकदम म्हणाली, "भाऊ, आनंदरावांनी मला लग्नाचं विचारलंय. मी अजून उत्तर दिलं नाही."

"का?"

"तुम्ही एकटे पडाल."

मी म्हटलं, "उतार संपू दे. मग बोलू."

उतरलो. प्रत्येक वळणावर ब्रेक दाबला, प्रत्येक वेळी लागला. खाली आल्यावर वाकून एकेक बोल्ट पाहिला. एकही हलला नव्हता. ती रस्त्याच्या कडेला पदर धरून उभी. मी काही बोललोच नाही! सबंध वाट नाही. रागावलो होतो का? नाही. घाबरलो होतो. घाटाला नाही.

२४ जानेवारी

सकाळी मीच चहा केला. तिच्या हातात कप दिला नि म्हटलं, "नाशिकला कळव. मुलीचा बाप तयार आहे."